एका तळ्यावरचे दोन हंडे

नवी सून होते तेव्हा मी एक वसा घेतला. दिवेलागणीला हात जोडले की आधी शेजारच्या घरासाठी मागायचं, मग आपल्यासाठी. त्या वशाची ही कहाणी. सांगताना अजूनही अंगावर काटा येतो.

फार पूर्वी एका तळ्याच्या पूर्व आणि पश्चिम काठांवर दोन राजे राहत. दोघांनीही तळ्यावर विषाचा एकेक हंडा टांगला होता. "त्यानं दोर कापला की मीही कापीन," असं दोघेही म्हणत. मधल्या गावची माणसं वाखाचे दोर वळत, दोन्ही राजांना विकत, आणि पाणी त्याच तळ्याचं पीत.

एकदा दोर वळणारी एक बाई व्रताचं वाण द्यायला पूर्वेच्या राणीकडे गेली. सहज वर टांगलेल्या हंड्याकडे पाहिलं, आणि हातातलं वाणाचं सूप गळून पडलं. राजा तिथंच उभा होता.

"महाराज, दोर कुजलाय!"

राजा हसला. "अगं, कापायचाय कुणाला? नुसता धाक आहे तो."

"कापायला कशाला हवा? आपसूक तुटेल. अन् पलीकडचे म्हणतील, तुम्हीच कापला!"

राजा पांढराफटक पडला. मग हळूच म्हणाला, "गुपचूप नवा दोर आण. पलीकडच्या राजाला कळू देऊ नकोस."

बाई धावत पश्चिमेला गेली. तिथला दोरही तसाच. राजाचे शब्दही तेच! तिच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण निवांत झोपलो तरी कसे?

गावचा पाटील मात्र खूश. "दोन्हीकडून मागणी! देवच पावला म्हणायचा."

"पाटीलबाबा, तुमच्या घरच्या माठात पाणी कुठलं हो?" बाईनं विचारलं.

पाटलानं लगेच गावकरी बोलावले.

मग गावानं दोन्हीकडे एकच निरोप धाडला, "दोर देऊ, पण हंडा उतरवायला. टांगायला नाही."

"आधी त्यानं उतरवावा!" दोघेही अडून बसले.

बाई दोघांनाही म्हणाली, "आम्ही दोर वळतो तेव्हा दोन टोकांना दोघं असतात. एकानं आधी सोडलं तर सगळा पीळ उलगडतो. म्हणून मधला हाळी देतो अन् दोघं बरोबरीनं पाऊल टाकतात. ती हाळी मी देते."

राजांना ते पटलं. हंड्यांना नवे दोर बांधले, जुने सैल सोडले, आणि होडीतून ती तळ्याच्या मधोमध गेली. तिनं हाळी द्यावी, दोन्हीकडे नवा दोर हातभर सुटावा. असं करत दोन्ही हंडे खाली आणून ठेवलेल्या तराफ्यांवर एकदमच टेकले. ते दूर नेऊन खोल पुरले.

जुने दोर काढायला म्हणून राजांनी हात लावला, तर ते हातातच तुटले. दोघेही त्या तुकड्यांकडे बघतच राहिले.

तात्पर्य: दुसऱ्याला भिववायला टांगलेलं विष आपल्याही पाण्यावरच टांगलेलं असतं, ते उतरवायचं तर दोघांनी मिळूनच.

बायांनो, आज दिवा लावाल तेव्हा एवढं करा. ज्या घराशी तुमचं बोलणं बंद आहे, त्या घरासाठी आधी मागा.