गाडी सरकेना, दार उघडेना

एक होती मुंगी. एवढीशी. तिळाएवढी.

अंगणात तिचं बीळ. बिळाला एकच दार. आत पाच बाळं.

मुंगी गेली साखर आणायला. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. बघते तर काय, दारावर चाक. गाडीचं मोठ्ठं काळं चाक.

आतून आवाज आला, "आई, आई."

मुंगीच्या तोंडातली साखर पडली. तिला रडूच फुटलं.

"गाडी गं गाडी, सरक ना. दार उघडेना, बाळं माझी आत."

गाडी म्हणाली, "कशी सरकू? पुढं भिंत, मागं चढ. ढकलून हलत नाही. दिवे लागतात. हॉर्न वाजतो. पण किल्ली फिरवली की नुसतं टक्. स्टार्टर बिघडलाय. तो निघाला, नवा बसला, तर सरकेन."

टक्.

मुंगी गाडीत शिरली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"स्टार्टरदादा, निघ ना. गाडी सरकेना, दार उघडेना, बाळं माझी आत."

स्टार्टर म्हणाला, "मी झिजलो गं. माझा नवा भाऊ खोक्यात बसलाय. पण बोल्ट मला सोडत नाही. बोल्ट सुटला, तर निघेन."

मुंगी पुढे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोल्टदादा, सुट ना. स्टार्टर निघेना, गाडी सरकेना, दार उघडेना, बाळं माझी आत."

बोल्ट म्हणाला, "कुर्र. मी गंजलोय. पान्यानंसुद्धा हलत नाही. तेल मिळालं, तर सुटेन."

मुंगी घरात गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. फळीवर खोबरेल तेलाची बाटली. थंडीचे दिवस. तेल पांढरं, घट्ट, ढिम्म.

"तेला रे तेला, चल ना. बोल्ट सुटेना, स्टार्टर निघेना, गाडी सरकेना, दार उघडेना, बाळं माझी आत."

तेल म्हणालं, "मी थिजलंय. ऊन लागलं, तर वितळेन."

मुंगी अंगणात आली. आता तुरुतुरु नाही. हळूहळू. पाय दुखले बिचारीचे.

"उन्हा रे उन्हा, ये ना. तेल वितळेना, बोल्ट सुटेना, स्टार्टर निघेना, गाडी सरकेना, दार उघडेना, बाळं माझी आत."

ऊन म्हणालं, "फळीवर माझा हात पोचत नाही. बाटली उतरली, तर ऊब देईन."

ऐकलंत? सगळ्यांचा आपला नन्नाचा पाढा.

चाकाखालून आवाज आला, "आई." अगदी बारीक.

पायरीवर शकूमावशी बसली होती. गाडी तिची. हात काळे. बोटं सोललेली.

"मावशी, ऊठ ना. बाटली उतरेना, तेल वितळेना, बोल्ट सुटेना, स्टार्टर निघेना, गाडी सरकेना, दार उघडेना, बाळं माझी आत."

शकूमावशी म्हणाली, "जा गं मुंगीबाई. सकाळपासून तेच करतेय. बॅटरी बदलली, तरी टक्. तारा घासल्या, तरी टक्. आता बोल्ट हलत नाही. बारा वाजता बालवाडी सुटेल. माझी चिंगी फाटकाशी एकटीच उभी राहील. मला नाही जमत."

आणि शकूमावशीच रडायला लागली.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

मुंगी मावशीच्या अंगठ्याशी बसली. कान देऊन ऐकलं. चाकाखालून आवाजच येईना.

मुंगी हळूच म्हणाली, "मावशी, तुझी एक बाहेर वाट बघतेय. माझी पाच आत."

शकूमावशीनं मुंगीकडे पाहिलं. चाकाकडे पाहिलं. नाक पुसलं. उठली.

बाटली उतरली. ऊन लागलं. तेल वितळलं. टिप, टिप, बोल्टवर पडलं.

मावशीनं आधी बॅटरीची तार काढली. मग पाना लावला. कुर्र, कुर्र, सुर्र. बोल्ट सुटला. जुना स्टार्टर निघाला, धप्प. नवा बसला. बोल्ट आवळला. तार जोडली.

किल्ली फिरवली.

टक् नाही. खर्र खर्र, घुर्र.

गाडी सरकली. चाक सरकलं. दार उघडलं.

पण आतून कुणी येईना.

शकूमावशी खाली उतरली. वाकून बघत राहिली. बारा वाजत आले, तरी हलली नाही.

"बाळांनो," मुंगी म्हणाली. "बाळांनो रे."

एक आलं. दोन आली. तीन आली. चार आली.

पाचवं कुठंय?

पाचवं आलं डोळे चोळत. म्हणालं, "आई, साखर आणलीस?"

मुंगी रडली आणि हसली. साखर तिथंच पडली होती.

मग शकूमावशी निघाली. घुर्र, घुर्र. फाटकाशी चिंगी उभीच होती. पों पों.

पाची बाळं साखर खात, गोष्ट आमची गेली आत.