रखमाजीने मागे ठेवलेलं फूल

यमूची आई गोदा बकुळीचे गजरे करून विकायची. मग तिच्या दोन्ही डोळ्यांपुढे धुकं आलं. सुई बोटांत रुतू लागली. गजरे थांबले, चूल थंड पडली. यमू अवघी सात वर्षांची. पोटात कालची अर्धी भाकर.

तरी ती रोज सकाळी बागेत जाई आणि बकुळीची इवली इवली चांदणफुलं वेची. एकदा कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकलं. अंगठ्याएवढी परी! पंख मोरपिशी, झगा गुलाबी, तोंड रडवेलं. यमूने तिला अलगद सोडवलं.

"हळू गं! पंख नवे आहेत," परी म्हणाली. मग तिने मूठ उघडली. आत दोन सोनेरी फुलं झगमगत होती. "घे. एका फुलाला एक मागणं."

"तुझी आहेत ही?"

"छे! रखमाजी माळ्याची. त्यालाही दोनच मिळाली होती. एक त्याने या बागेच्या विहिरीला पाणी लागावं म्हणून वापरलं. मरताना मृत्युपत्र केलं. कुदळ पुतण्याला, घोंगडी शेजाऱ्याला आणि दुसरं फूल, मागून जो गरजू येईल त्याला. लोक हसले. 'रखमाजी, कोण येणार ते तरी सांग!' तो म्हणाला, 'देव धाडील कुणाला तरी.' फुलावर तुळशीपत्र ठेवलं आणि डोळे मिटले. असं सोडलेल्या एका फुलाची दोन होतात. दोन्ही वापरलीस, तर मात्र संपलं."

"आईचे डोळे बरे होऊ देत," यमू म्हणाली.

"एका फुलाला एकच डोळा, सोनुले."

यमूने एक फूल डोळ्यांना लावून मागणं मागितलं. फूल विरलं. दुसरं मुठीत धरून ती घरी धावली.

आई दारात उभी होती. "यमे, काय गं हे केसांचं घरटं!"

यमूला हसू आलं, रडूही आलं. तिने सगळं सांगितलं. मूठ पुढे केली. "आई, दुसराही डोळा मागू?"

गोदाने फूल निरखलं. तिचा हात दुसऱ्या डोळ्यावर गेला. मग तिने सुई उचलली. "दोरा ओवताना माणूस एक डोळा मिटतोच. मला एक पुरे. रखमाजीने ठेवलं, आपणही ठेवू. जा, तुळशीचं पान घे."

यमूने बकुळीखाली फूल ठेवलं. वर हिरवंगार तुळशीपत्र.

"कुणाला मिळेल ते तुला दिसणार नाही. चालेल?" परीने विचारलं.

"रखमाजीआजोबांना तरी मी कुठे दिसले होते?"

परी खुदकन हसली. सोनेरी, गुलाबी, निळा उजेड बागभर सांडला आणि त्या उजेडातच ती नाहीशी झाली. बकुळीने सडा घातला. इतका, की यमूच्या परकराची ओटी पुरेना. पुढे त्या झाडाला बारा महिने बहर असे.

ठेवलेलं फूल कुणाला मिळालं, यमूला कळलं नाही. तिने कधी विचारलंही नाही.