आळेमातेचा वसा आणि घोसाळ्याचे वेल

ऐका आळेमाते, तुझी कहाणी. बायांनो, बोलणं पुरे, कान इकडे द्या. आटपाट गाव होतं, गावात केरोबा माळी होता. त्यानं माळावर आंब्याची कलमं लावली. कलमं गुडघ्याएवढी, आंबा दिसायला पाच वर्षं. तोवर चुलीवर काय ठेवायचं?

सून ठकू म्हणाली, "मामंजी, मधल्या जागेत भाजी लावू?"

केरोबा खेकसला, "कलमांच्या तोंडचं पाणी भाजीला पाजतेस? खबरदार!"

ठकू बांधावर जाऊन रडू लागली. तिथं एक म्हातारी आली. हातात खुरपं, पायाला चिखल. "मुली मुली, का रडतेस?" ठकूनं सगळं सांगितलं.

"तुला वसा देते. पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. कलमाचं आळं मोकळं ठेवावं. मधल्या पट्टीत मिरची, धने, घोसाळी लावावी. पाणी आधी कलमाला, मग भाजीला. वेलाला मांडव घालावा, कलमावर चढू देऊ नये."

ठकूनं तसं केलं. मिरची लगडली, कोथिंबीर दाटली, कलमंही तरारली. केरोबा जेवताना पुटपुटला, "वाढ अजून."

पुढल्या पावसाळ्यात ठकू मातली. मांडवाचा खटाटोप कशाला? वेल कलमांवरच चढवले.

कलम म्हणालं, "बाई, मान अवघडली." "थांब, फूल आलंय."

मग म्हणालं, "बाई, ऊन दिसत नाही." "थांब, फळ धरलंय."

मग म्हणालं, "बाई, जीव चालला." "थांब, उद्या बाजार आहे."

बाजाराच्या दिवशी जाऊन बघते, तर कलमं भुईला टेकलेली, पानं पिवळी. केरोबा मटकन खाली बसला. ठकूनं विळा घेतला.

शेजारीण ओरडली, "अगं, घोसाळी तरी तोडून घे! येडी का काय?"

"तेवढ्यात आणखी एक मरेल," ठकू म्हणाली, नि फळांसकट वेल कापत सुटली. मग एकेका कलमाला काठी दिली, आळ्यात शेणखत घातलं, माती कपाळाला लावली. "माते, मी उतले, मी मातले. माझं मला भोगू दे, ही लेकरं उभी कर."

दोन कलमं गेली ती गेलीच. बाकीच्यांना दसऱ्याच्या आत तांबूस पालवी फुटली.

मग केरोबानं हाक मारली, "सूनबाई, घोसाळ्याचं बी आहे का घरात?"

"आहे, मामंजी."

"जपून ठेव. पुढल्या साली मांडव मी घालतो."

जशी आळेमाता ठकूला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. साठां उत्तरांची ही कहाणी, पाचां उत्तरीं सांगून झाली, ऐकणाऱ्यांच्या परसात फळाला येवो.