साबणाच्या माशात बाळाची उशी

दुपारचे बरोबर तीन वाजले, तेव्हा हे झालं.
भिंतीवरचं घड्याळ म्हणालं, टण्! टण्! टण्!
ठिपकी दचकली. तिच्या डोक्यावरचा तीळ पडला.
टुप!
कुठे पडला? साबणात पडला.

ठिपकी म्हणजे एक मुंगी. काळी. एवढीशी.
तीळ पण काळा. तो खायचा नव्हता. ती उशी होती. ठिपकीच्या बाळाची उशी. ठिपकीने ती उन्हात टाकली होती. आता ती उशी घरी नेत होती. खिडकीतून, तुरु तुरु तुरु.

आणि साबण कसला?
नमूच्या आईने घरी केलेला. आधी तिने साबणाची वडी कापली. कच कच कच. वाटीत टाकली. वाटी गरम पाण्यात ठेवली. वडी वितळली. पाण्यासारखी पातळ झाली.
नमू म्हणाली, "मी ढवळू?"
आई म्हणाली, "लांब हो. गरम आहे. गॅसपाशी आईच येते. नमू येत नाही."
नमू लांब झाली.
मग आईने हिरवा रंग टाकला. एक थेंब. वाळ्याचं अत्तर टाकलं. दोन थेंब. साबण माशाच्या साच्यात ओतला. साचा खिडकीत ठेवला. गार व्हायला.
तिथेच तीळ पडला. टुप!

ठिपकी साच्याच्या काठावर बसली. वाट बघत बसली.
साबण कोमट झाला. साबण गार झाला. साबण घट्ट झाला.
आईने साचा उलटा केला. टप्! मासा बाहेर आला. हिरवा. काचेसारखा. आरपार दिसणारा.
आई म्हणाली, "अगं बाई! माशाला डोळा आला!"
तो डोळा नव्हता. तो तीळ होता.
आईने मासा बशीत ठेवला. बशी खिडकीत ठेवली. आई गेली.

दाराच्या चौकटीत एक भेग होती. भेगेत ठिपकीचं घर होतं. घरात बाळ होतं. बाळाला झोप आली होती. उशी नव्हती.
बाळ रडत होतं. ऊंऽ ऊंऽ ऊंऽ.

ठिपकी माशावर चढली. सर्रर्र! घसरली. पुन्हा चढली. तीळ दिसत होता. हाताला लागत नव्हता.
ठिपकी म्हणाली,
"माशा माशा, तीळ सोड.
तिळाविना बाळ झोपत नाही."
मासा म्हणाला, "पाणी मला भिजवत नाही, मग मी तीळ का सोडू?"
"मासा असून पाण्यात नाहीस?"
"मी साबणाचा आहे. पाण्यात गेलो की झिजतो. इथे बरा आहे."

तुरु तुरु तुरु. ठिपकी मोरीत गेली. नळाला पाणी होतं.
पाणी म्हणालं, "ठिप. ठिप. ठिप."
ठिपकी म्हणाली, "आले, आले! मला हाक मारलीस?"
"नाही. मी गळतंय."
ठिपकी म्हणाली,
"पाण्या पाण्या, मासा भिजव.
मासा तीळ सोडत नाही,
तिळाविना बाळ झोपत नाही."
पाणी म्हणालं, "नमू हात धूत नाही, मग मी मासा का भिजवू?"

तुरु तुरु तुरु. ठिपकी नमूकडे गेली.
नमू खिडकीशी उभी होती. नाक माशाला लावून. हात मागे धरून.
ठिपकी म्हणाली,
"नमू नमू, हात धू.
पाणी मासा भिजवत नाही,
मासा तीळ सोडत नाही,
तिळाविना बाळ झोपत नाही."
नमू म्हणाली, "आई हो म्हणत नाही, मग मी हात कसे धुऊ? हा साबण शोभेचा आहे. नुसता वास घ्यायचा. हात लावायचा नाही. तो पाहुण्यांसाठी आहे."
"पाहुणे कधी येणार?"
"येतील कधीतरी," नमू म्हणाली. आणि अंगणात भातुकली खेळायला गेली.

तुरु तुरु तुरु. ठिपकी आईकडे गेली. आई वाटी घासत होती. घस घस घस.
ठिपकी म्हणाली,
"अहो नमूच्या आई, हो म्हणा.
नमू हात धूत नाही,
पाणी मासा भिजवत नाही,
मासा तीळ सोडत नाही,
तिळाविना बाळ झोपत नाही."
आई म्हणाली, "अगं, पण डोळा किती छान दिसतोय माशाला!"
"तो डोळा नाही. उशी आहे."
"असू दे. जांभूळ हात रंगवत नाही, मग मी हो का म्हणू? नमूचे हात स्वच्छ आहेत. स्वच्छ हातांना साबण कशाला?"

ऊंऽ ऊंऽ ऊंऽ. बाळ रडतच होतं.
ठिपकी भेगेशी गेली. आत तोंड घालून म्हणाली, "आले हं. आलेच."
बाळ म्हणालं, "उशी?"
ठिपकी म्हणाली, "आणते."

अंगणात जांभळीचं झाड होतं. तुरु तुरु तुरु. ठिपकी वर गेली. वर, वर, आणखी वर. तिथे एक जांभूळ होतं. टपोरं. पिकून काळं झालेलं.
ठिपकी म्हणाली,
"जांभळा जांभळा, हात रंगव.
आई हो म्हणत नाही,
नमू हात धूत नाही,
पाणी मासा भिजवत नाही,
मासा तीळ सोडत नाही,
तिळाविना बाळ झोपत नाही."
जांभूळ म्हणालं, "फांदी मला टाकत नाही, मग मी हात कसे रंगवू? मी लोंबकळतंय. बघतेस ना?"

फांदी तिथेच होती. लांब जावं लागलं नाही. तरी ठिपकी चालली. तुरु.
ठिपकी म्हणाली,
"फांदी फांदी, जांभूळ टाक.
जांभूळ हात रंगवत नाही,
आई हो म्हणत नाही,
नमू हात धूत नाही,
पाणी मासा भिजवत नाही,
मासा तीळ सोडत नाही,
तिळाविना बाळ झोपत नाही."
फांदी म्हणाली, "खार उडी मारत नाही, मग मी जांभूळ का टाकू? उगाच कोण हलणार? ऊन किती आहे!"

फांदीच्या टोकाला खार बसली होती. काहीतरी खात होती. कुटुर कुटुर कुटुर.
ठिपकी म्हणाली,
"खारूताई खारूताई, उडी मार.
फांदी जांभूळ टाकत नाही,
जांभूळ हात रंगवत नाही,
आई हो म्हणत नाही,
नमू हात धूत नाही,
पाणी मासा भिजवत नाही,
मासा तीळ सोडत नाही,
तिळाविना बाळ झोपत नाही."
खार म्हणाली, "बोकोबा जागे होत नाहीत, मग मी उडी का मारू? ते झोपलेत तोवर मी खाते." आणि खायला लागली. कुटुर कुटुर कुटुर.

झाडाखाली बोकोबा झोपले होते. पोट वर. पाय वर. घुर्र घुर्र घुर्र.
तुरु तुरु तुरु. ठिपकी खाली आली. बोकोबांच्या कानाशी गेली. मोठ्याने म्हणाली,
"बोकोबा बोकोबा, जागे व्हा.
खार उडी मारत नाही,
फांदी जांभूळ टाकत नाही,
जांभूळ हात रंगवत नाही,
आई हो म्हणत नाही,
नमू हात धूत नाही,
पाणी मासा भिजवत नाही,
मासा तीळ सोडत नाही,
तिळाविना बाळ झोपत नाही."
बोकोबा म्हणाले, "मला शिंक येत नाही, मग मी जागा कसा होऊ?"
ठिपकी म्हणाली, "पण तुम्ही तर बोलताय."
"झोपेत बोलतोय. घुर्र घुर्र."

ठिपकीने इकडे तिकडे बघितलं. आता कुणाकडे जायचं?
"बोकोबा, शिंक कुठे राहते?"
"नाकात."
"एवढंच ना?"
ठिपकी निघाली. कानावरून गालावर. गालावरून मिशीवर. मिशीवरून नाकात. तिला सहा पाय होते. सहाही पायांनी तिने गुदगुल्या केल्या.
गुदु गुदु गुदु गुदु.
आऽऽ...
आऽऽऽ...
फ्फीं!

ठिपकी उडाली. गवतात पडली. लागलं नाही. मुंगीला पडून लागत नाही.

बोकोबा जागे झाले.
बोकोबा जागे झाले, तशी खारीने उडी मारली. टुणुक!
खारीने उडी मारली, तशी फांदी हलली. सळ सळ सळ!
फांदी हलली, तिने जांभूळ टाकलं. टप्प!
खाली नमू होती. जांभूळ तिच्या भातुकलीत पडलं. नमूने ते उचललं. दोन्ही हातांनी दाबलं. पच्च!
जांभळाने हात रंगवले. हा हात जांभळा. तो हात जांभळा. बोटंसुद्धा जांभळी.
"आईऽऽ! हे बघ!"

नमू घरात पळाली. पलंगावर चादर होती. पांढरी. आजच धुतलेली. नमूचे हात चादरीकडे निघाले.
आई ओरडली, "नमूऽऽ! थांब! चादरीला हात लावू नकोस! आधी हात धू!"
"कशाने?"
"कशानेही!"
"माशाने?"
आईने हातांकडे बघितलं. आईने चादरीकडे बघितलं. आईने माशाकडे बघितलं.
"माशाने धुऊ, आई?"
"हो," आई म्हणाली. "हो, हो, हो! धू पटकन!"

आई हो म्हणाली, तशी नमू मासा घेऊन मोरीत गेली. ठिपकी पण पळाली. तुरु तुरु तुरु. मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली.
आईने नळ सोडला. धो धो धो. पाण्याने मासा भिजवला.
नमूने हात चोळले. फेस आला. फुस फुस फुस.
नमूने हात बघितले. जांभळे.
पुन्हा चोळले. फुस फुस फुस. अजून जांभळे.
आई म्हणाली, "चोळ. जांभळाचा डाग आहे. असा नाही जायचा."
नमूने चोळले. मासा बारीक झाला.
नमूने आणखी चोळले. माशाची मासोळी झाली.
मासोळी म्हणाली, "घे बाई तुझा तीळ."
टुप!
तीळ सुटला!

पण पाणी वाहत होतं. तीळ पाण्याबरोबर निघाला. फेसातून निघाला. गोल गोल फिरत निघाला. मोरीच्या भोकाकडे निघाला.
ठिपकी ओरडली, "थांब! थांब! थांब!"
तीळ थांबेना. भोक जवळ आलं. आणखी जवळ आलं.
आणि तीळ थांबला.
मध्ये एक बोट होतं. जांभळं. नमूचं.
नमूने बोट वर उचललं. बोटाच्या टोकावर तीळ होता.
"हा तुझा?"
"माझा नाही," ठिपकी म्हणाली. "बाळाचा."
नमूने बोट कठड्यावर टेकवलं. ठिपकीने तीळ डोक्यावर घेतला.

आई मासोळीकडे बघत राहिली.
"आता हिला डोळा नाही," आई म्हणाली.
नमू म्हणाली, "ती झोपलीय."
आई म्हणाली, "बरं. तिला झोपू दे. तू हात पूस."

तुरु तुरु तुरु. ठिपकी चौकटीत आली. भेगेत शिरली. तीळ खाली ठेवला.
बाळाने रडणं थांबवलं. तिळावर डोकं ठेवलं. मग डोकं वर केलं.
"आई, उशीला वास येतोय."
"कसला?"
"छान."
"मग येऊ दे."
बाळाने डोकं ठेवलं.
फूऽऽ... फूऽऽ... फूऽऽ...
बाळ झोपलं.

झालं ते असं झालं.
ज्यांनी ऐकलं, त्यांनी शेजारच्या बाळाला सांगा. त्या बाळाला म्हणावं, तू तुझ्या शेजारी सांग. साबण ओताल तेव्हा आधी साच्याच्या काठावर बघा. तिथे कुणी बसलं असेल. आणि केलेला साबण शोभेला ठेवून देऊ नका. हात धुवा. आत कुणाची तरी उशी असेल.
हळू आवाजात सांगा. बाळ झोपलंय.