आठ हातांची आई

एकदा काय झालं, पोशा नाखवा भर आषाढात होडी घेऊन समुद्रात गेला. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण पोशाला वाटलं, जरा उघडीप पडलीय, चार मासे मिळतील. गेला तो गेलाच. दर्या काय कुणाच्या बापाचा नोकर आहे होय?

त्याची बायको चांगुणा पोटुशी होती. घरात चूल थंड. मग ओहोटी लागल्यावर ती कोयती घेऊन खडकांत गेली, कालवं काढायला. तिथे एका बिळात तिला आठ हातांची अष्टपाद दिसली. तुम्ही ऑक्टोपस म्हणता ना, तीच, बरं का. चांगुणानं कोयती उगारली. तर बिळाच्या छताला अंड्यांचे घोस लोंबत होते, तांदळाच्या कण्यांएवढी अंडी. आणि ती आई उपाशीतापाशी, अंगाचं चिपाड झालेलं, तरी हातांनी त्यांच्यावर पाणी हलवत बसलेली. चांगुणानं कोयती खाली टाकली आणि तिला रडूच फुटलं.

"रडतेस का गं बाय?" अष्टपादीनं विचारलं.

"माजा घो दर्यान हाय, माय. पोटातल्या पोराला बाप नको काय?"

अष्टपादीनं एकदा अंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी आणते त्याला. पण माझी पोरं तू सांभाळ. पाणी हलवत राहा. थांबलीस तर गुदमरतील. आणि एक सांगते, नारळ न देता आलेला माणूस दर्या फुकट सोडत नाही."

मग ती गेली. चांगुणानं बिळात हात घातला आणि पाणी हलवत बसली. मग भरती लागली. पाणी कमरेला आलं. पहिल्या लाटेबरोबर दोन हात वाहत आले. तुटलेले, पण अजून वळवळणारे. चांगुणा दचकली, पण तिनं पाणी हलवणं सोडलं नाही.

मग पाणी खांद्याला आलं. दुसऱ्या लाटेबरोबर तीन हात आले. आता तिला सगळं कळलं. 'परत ये, माय' असं अगदी ओठांवर आलं तिच्या. पण नवरा हवा होता ना तिला! तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

मग पाणी हनुवटीला लागलं. तिसऱ्या लाटेबरोबर आणखी दोन हात आले. आणि त्यांच्या मागून पोशा आला, काळानिळा पडलेला, पण जिवंत. त्याच्या मनगटाला अष्टपादीचा उरलेला एकच हात घट्ट धरून होता.

चांगुणानं तिला उचलून बिळात ठेवलं. तेवढ्यात अंडी फुटली. पिल्लंच पिल्लं बाहेर पडली, इवल्या इवल्या हातांची. आईनं आपला हात त्यांच्याकडे लांब केला. पण एका हातानं कुणाकुणाला धरणार? पिल्लं पाण्यात पांगली, आणि ती तशीच हात पुढे करून मेली.

मग चांगुणाला मुलगी झाली. पोशा पुन्हा कधी नारळाआधी दर्यात गेला नाही. सगळे सुखानं राहिले. फक्त पोशा शेजारी जेवायला बसला, की चांगुणाचा घास कधीकधी हातातच राहायचा.

चला, डोळे मिटा आता. पांघरूण मी घालते.