यजमानाचे पान

कोणे एके काळी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही ठाऊक नसेल इतक्या जुन्या काळी, डोंगराच्या उतारावर एक गाव होते. त्या गावात एक छोटी ख्रिस्तमंडळी होती आणि मंडळीचे एक छोटे प्रार्थनामंदिर होते. गाव लहान, मंदिर लहान. भांडणे मात्र मोठ्या गावाला पुरतील एवढी.

मंडळीची एक रीत होती. नवे भात घरात आले की देवाचे आभार मानायला सगळे मिळून मंदिराच्या अंगणात उपकारस्तुतीचे जेवण करत. पंगतीच्या पहिल्या जागी एक पाट मांडत, पण त्यावर कोणी बसत नसे. पाटापुढच्या पत्रावळीवर सगळ्यांच्या आधी वाढत. तिला म्हणत यजमानाचे पान.

"या घरचा यजमान ख्रिस्त," म्हातारे पाळकबाबा मुलांना सांगत. "मंडळीचे मस्तक तोच. आपण सगळे त्याच्या पंगतीतले पाहुणे. मीसुद्धा."

प्रार्थना झाली की पाळकबाबा ते पान उचलत आणि फाटकाबाहेर जो कोणी उपाशी उभा असेल त्याच्या हातात देत. यजमानाला हेच आवडेल, असे ते म्हणत. ते पान पोचल्याशिवाय पंगतीत कोणी घास घेत नसे.

एका उन्हाळ्यात पाळकबाबा वारले. नवे पाळक अजून यायचे होते. तोवर सगळा कारभार मंडळीच्या तीन वडिलांकडे, म्हणजे मंडळीने निवडलेल्या तीन ज्येष्ठांकडे, आला. सगळ्यात म्हातारे शमुवेलबाबा, सगळ्यात जास्त शेती असलेले इस्राएलराव आणि सगळ्यात समजूतदार सीलासभाऊ. हे शेवटचे मत खुद्द सीलासभाऊंचे होते.

सीलासभाऊंना भांडण मुळीच आवडत नसे. सगळ्यांनी आपले ऐकले की भांडण होतच नाही, असे त्यांचे साधे म्हणणे होते.

उपकारस्तुतीचा दिवस उजाडला. सीलासभाऊ फाटकापाशी आले, तेव्हा बाहेर एक बाई उभी होती. खालच्या मुलखात पाऊस झाला नव्हता. तिथून ती चालत आली होती. खांद्यावर लहानगी मुलगी मान टाकून पडली होती.

"भाऊ, काही खायला मिळेल का? पोरीच्या पोटात कालपासून काही नाही."

"बसा ताई," सीलासभाऊ म्हणाले. "इथंच बसा, कुठं जाऊ नका. आजचं पहिलं पान तुमचंच."

बाई सावलीला बसली. सीलासभाऊंना बरे वाटले. निदान हे एक काम तरी आज न भांडता झाले.

दुपारी पंगत बसली. हन्नाकाकू पहाटेपासून चुलीपाशी होत्या. त्यांनी यजमानाच्या पानावर नव्या तांदळाचा भात वाढला, आमटी घातली, भोपळ्याची भाजी ठेवली आणि गुळाच्या खिरीचा द्रोण मांडला. वाफ वर जाऊ लागली. मुले हात धुऊन बसली.

आधी शमुवेलबाबांनी प्रार्थना केली. त्यांच्यापेक्षा मोठी इस्राएलरावांनी केली. तिसरी सीलासभाऊंनी केली आणि तीत, हे प्रभू, काहींना थोडक्यात बोलायला शिकव, असेही मागून घेतले. ती प्रार्थना सगळ्यात मोठी झाली.

मग तिघेही एकदमच पाटाकडे निघाले आणि एकदमच थांबले.

पान उचलायचे कोणी? आजवर ते पाळकबाबा उचलत. आज जो उचलेल, तोच मंडळीचा मुख्य, असे लोक समजणार. हे तिघांनाही कळत होते.

"माझं वय झालं," शमुवेलबाबा म्हणाले. "मला कशाची हाव नाही. पण मान वयाचा असतो."

"असू दे की," इस्राएलराव म्हणाले. "पानावरचा तांदूळ कुणाच्या शेतातला आहे, एवढंच आठवा. मी काही म्हणत नाही."

"म्हणत नाही म्हणून सकाळपासून दहा जणांना सांगून झालंय," शमुवेलबाबा पुटपुटले.

सीलासभाऊंनी कपाळाला हात लावला. दर वेळी हेच. बैठकीत हेच, घंटेच्या दोरीसाठी हेच, सतरंजी कोणी झटकायची यावरही हेच. या माणसांना कोणी शहाणपण शिकवायचे? आपणच, दुसरे कोण!

"हे बघा," ते म्हणाले, "मला स्वतःला काहीच नको. पण कुणीतरी ठरवायला हवं. मी ठरवतो. यंदा मी नेतो, पुढच्या वर्षी तुम्ही."

"ठरवणारा हा कोण?" दोघेही एका आवाजात म्हणाले. त्या दिवशी त्यांचे एकमत झाले ते एवढ्याच गोष्टीवर.

"अहो, भाताचा दगड होतोय!" हन्नाकाकू पदराने माश्या हाकत ओरडल्या. "बाहेर ती लेकुरवाळी बसलीय. कुणीही न्या, पण न्या!"

"नेतोय ना, काकू! ह्यांनी नेऊ दिलं तर नेतोय," सीलासभाऊ चिडून म्हणाले. मग त्यांना एक युक्ती सुचली आणि ती फार न्यायाची वाटली. "ठीक आहे. तिघंही धरू. एकेका बाजूने. मग तर झालं?"

तिघेही वाकले. तिघांनीही पत्रावळ धरली. शमुवेलबाबा म्हणाले, "सावकाश." इस्राएलराव म्हणाले, "मी पुढं चालतो." सीलासभाऊ म्हणाले, "पुढं कुणीच चालायचं नाही, बरोबर चालायचं." आणि प्रत्येकाने आपली बाजू जराशी, अगदी जराशीच, आपल्याकडे ओढली.

मुलांनो, पत्रावळ म्हणजे काड्यांनी टाचलेली पळसाची पाने. ती तीन बाजूंनी किती ओढ सोसणार? टराटरा आवाज झाला. भात मातीत पडला, त्यावर आमटी सांडली आणि खिरीचा द्रोण गडगडत फाटकापर्यंत गेला. गल्लीतला कुत्रा मात्र कोणाला न विचारता आत आला.

"तुम्ही ओढलंत!"

"मी? तुम्ही ओढलंत!"

"मी सांगत होतो बरोबर चाला!"

हन्नाकाकूंनी दुसरी पत्रावळ घेतली आणि तिच्यावर भात थापला. "हे घ्या. आणखी दोन वाढू का? म्हणजे एकेकाला एकेक फाडता येईल."

पंगतीतली मुले हसली. सीलासभाऊंना त्यांचाही राग आला. ते पान हिसकावून ते तरातरा फाटकाशी गेले. बाहेर सावली होती, पण सावलीत कोणी नव्हते.

"कुठं जाऊ नका म्हटलं होतं मी!" सीलासभाऊ रिकाम्या जागेवरच खेकसले. क्षणभर त्यांना खरोखर वाटले की चूक त्या बाईची आहे. मग त्यांना तिच्या खांद्यावरची ती लोंबती मान आठवली आणि ते उताराने धावत सुटले. आमटी बाहीवरून कोपरापर्यंत ओघळत होती.

वळणावर ती बाई दगडाला टेकून बसली होती. सीलासभाऊंनी पान तिच्यापुढे ठेवले. तिने आधी पोरीच्या तोंडात मऊ भात घातला. पोरीने डोळे उघडले आणि हळूहळू चावू लागली. ते पाहून सीलासभाऊंच्या जिवात जीव आला.

"रागावून निघालात का ताई?"

"रागवायला अंगात बळ कुठंय, भाऊ? तुम्ही बसा म्हणालात, मी बसले. मग आत बघितलं तर जो तो मालक. एक म्हणतो मी, दुसरा म्हणतो मी. जेवण मातीत गेलं तरी कुणी थांबेना. मला वाटलं, या घरचा यजमान कुठं लांब गेलाय. ज्या घरात यजमान नाही, तिथं मागायचं कुणाकडं?"

सीलासभाऊंनी तोंड उघडले. यजमान आहे हो, आत त्याचा पाट मांडलाय, असे सांगायचे होते. पण त्यांना मातीत पडलेला भात आठवला. पाट मांडलेला होता, हे खरे. मालक होऊन बसले होते मात्र ते तिघे, आणि त्यांत समजूतदार सीलासभाऊ सगळ्यात पुढे. ते तिथेच धुळीत बसले.

तेवढ्यात वरून भांड्यांचा आवाज आला. हन्नाकाकू आमटीचे पातेले घेऊन उतरत होत्या. मागून सगळी मंडळी येत होती. शमुवेलबाबांच्या हातात पाण्याची कळशी होती आणि इस्राएलरावांच्या डोक्यावर भाताची टोपली.

पोरीला पुन्हा चढ चढवणे बरे नव्हते, म्हणून त्या दिवशी मंडळी रस्त्याच्या कडेलाच जेवायला बसली. रस्ता वाकडा, तशी पंगतही वाकडी.

"पण पहिली जागा कुठली धरायची?" इस्राएलरावांनी विचारले.

"इस्राएलराव," हन्नाकाकू म्हणाल्या, "वाढा."

त्यांनी वाढले.

जेवण झाल्यावर सगळ्यांनी त्या बाईला मंदिरात मुक्कामाला चला म्हणून विनवले. तिने हात जोडले. "जेवू घातलंत, देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. मग तिने वर मंदिराकडे एकदा पाहिले, पोरीला खांद्यावर घेतले आणि ती खालच्या वाटेने निघून गेली.

तिला परत बोलावणे मंडळीला जमले नाही. पुढे रीत चालू राहिली, पण पान न्यायला वडील उठेनासे झाले. फाटकाच्या सगळ्यात जवळ जो बसला असेल, तो नेऊ लागला. सीलासभाऊंचा वैताग काही गेला नाही. फक्त आता तो त्यांना बहुतेक वेळा एकाच माणसाचा येई, आणि तो माणूस रोज संध्याकाळी त्यांच्याच चपला घालून घरी येई.

तात्पर्य: मंडळीचे मस्तक ख्रिस्त आहे, त्याची जागा माणसे बळकावू लागली की त्याच्या दारी आलेला उपाशी परत जातो.