चार आण्यांचा गडी

कुंभेरी नावाच्या गावात एक पाठशाळा होती. तिथे पोथ्या होत्या, पंत होते, व्याकरणही घोकलं जायचं. पण गावकऱ्यांना विचाराल तर ती पाठशाळा हुतूतूसाठीच बांधलेली होती. दर चैत्रात जत्रेच्या दिवशी नदीपलीकडच्या वाळुंजच्या पाठशाळेशी सामना व्हायचा. जिंकला की कुंभेरीकर वर्षभर बाजारात छाती काढून चालत. हरला की वाळुंजला दिलेल्या लेकीसुद्धा माहेरी येऊन टोमणे मारत.

संघात दरवर्षी नव्या पोरांची भर पडे. आषाढात वाड्यावस्त्यांवरून पोरं यायची आणि त्यांची पारख हैबती वस्ताद करायचा. वस्ताद पोरांची किंमत आण्यांत सांगे. हा सोळा आण्यांचा, हा दहा आण्यांचा, हा चार आण्यांचा. एकदा सांगितली की काळ्या दगडावरची रेघ. सोळा आणेवाल्याला लोटाभर दूध, बदाम आणि खुद्द वस्तादाची शिकवणी मिळे. चार आणेवाल्याच्या वाट्याला ताक आणि हातात खराटा. तो मैदान झाडायचा, पाणी शिंपायचा आणि जत्रा झाली की घरी जायचा. चार आण्यांचा गडी पोसायचा कशाला, असा साधा हिशेब होता.

आणि गंमत अशी की वस्तादाची पारख आजवर कधी चुकली नव्हती. ज्याला त्याने सोळा आणे म्हटलं, तो मैदान गाजवायचाच. ज्याला चार आणे म्हटलं, त्याच्या हातून कधी काही झालंच नाही. लोक म्हणत, वस्तादाला पोराच्या अंगातलं दिसतं. ऐकून ऐकून वस्तादालाही तसंच वाटू लागलं होतं.

पारख करताना वशिला चालू नये म्हणून पाठशाळेत एक रीत होती. नव्या पोरांच्या अंगातोंडाला गेरू फासत. कोण पाटलाचा, कोण मेंढपाळाचा, काही कळू नये. दिवसभर पोरं खेळत, वस्ताद बघत बसे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं अंघोळ करून आदल्या दिवशीच्याच क्रमाने रांगेत उभी राहत. वस्ताद रांगेतून जाई, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवी आणि आणे सांगे.

त्या वर्षी एका पोराने वस्तादाचे डोळे दिपवले. तिघांनी कमरेला विळखा घातला होता, तरी पठ्ठ्या तिघांना ओढत मधल्या रेघेपर्यंत आला. कोपर दगडावर घासलं, रक्त आलं, पण दम सुटला नाही. वस्तादाने मनात म्हटलं, असा गडी मी जन्मात पाहिला नाही. त्याची रांगेतली जागा त्याने पक्की ध्यानात ठेवली.

सकाळी रांग लागली. वस्ताद त्या जागेपाशी आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सोळा आणे." पोरं चकित झाली. पंत खूश झाले. वस्ताद पुढे सरकला. आणखी दोघांचे आणे सांगून एका पोरापाशी थांबला. काल त्या जागेवरचा पोरगा रेघ ओलांडायलाही कचरत होता. वस्ताद म्हणाला, "चार आणे." आणि हात काढता काढता त्याची नजर त्या पोराच्या कोपरावर गेली. ताजी जखम, वर हळद.

कालचा गडी हाच, हे वस्तादाने ओळखलं. झालं होतं एवढंच, की निळू नावाचा पोरगा गार पाण्याच्या अंघोळीने कुडकुडत होता, म्हणून रांगेतल्या रायबाने त्याला उन्हातली आपली जागा दिली आणि स्वतः त्याच्या सावलीतल्या जागी जाऊन उभा राहिला. सोळा आणे निळूच्या पदरात पडले होते. रायबाला चार आणे मिळाले होते, आणि वस्ताद जागेवरून पोरं ओळखतो हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तिथल्या तिथे बोलता आलं असतं. "चुकलं, जरा थांबा," एवढे तीन शब्द. पण सगळं गाव कुंपणाला लागून उभं होतं. म्हातारा झाला, नजर गेली, आता दुसरा वस्ताद बघा, असं कुजबुजणारी दोनचार तोंडंही त्यात होती. वस्तादाने ती पाहिली आणि ओठ मिटले. चार दिवसांनी हळूच दुरुस्त करू, असं त्याने मनाला सांगितलं. हे चार दिवस कुणाच्याही आयुष्यात कधी संपत नाहीत.

त्याच संध्याकाळी रायबा त्याच्या दारात आला. माळावरच्या मेंढपाळाचा पोरगा, खांद्यावर घोंगडी.

"वस्ताद, माझं कुठं चुकलं? तेवढं सांगा, म्हंजी सुधारीन."

 वस्तादाला खरं सांगायचं धैर्य नव्हतं आणि पोरगा दारातून हलत नव्हता. शेवटी तोंडाला आलं ते बोलून तो मोकळा झाला.

"तुझा दम कमी पडतो," तो म्हणाला. "बाकी ठीक आहे. पण दम काही शिकवून येत नसतो."

रायबाने मान हलवली आणि तो निघून गेला. 

मग सुरू झाली वस्तादाची खरी परीक्षा. निळू जत्रेत उघडा पडला की आपण उघडे पडलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो पहाटेपासून निळूच्या मागे लागला. चढाई, पकड, पाय कसा सोडवायचा, श्वास कुठे भरायचा, सगळं हाताला धरून शिकवलं. निळू बिचारा आधी घाबरून चुकायचा. पण सगळे त्याला सोळा आणे म्हणायचे, पंक्तीत पहिलं पान त्याला वाढायचे. पडला तर म्हणायचे, मोठा गडी आहे, एखादा दिवस होतं असं. हळूहळू निळूचे खांदे रुंद झाले, मान ताठ झाली, आणि एक दिवस त्याने जुन्या गड्यांना भिडून पाडलं.

तिकडे रायबा मैदान झाडत होता. कधी एखाद्या खेळात गडी कमी पडला तर त्याला आत घेत. तो पडला की म्हणत, चार आणेच ते, आणखी काय होणार. पुढे पुढे तो पडायच्या आधीच पडू लागला. त्याच्या दंडाचं मांस उतरलं. वस्ताद हे लांबून बघायचा आणि मान फिरवायचा. उद्या बोलू, म्हणायचा.

चैत्र आला, जत्रा भरली. मैदानाच्या दोन्ही अंगांना माणूस मावेना. सामना असा चुरशीचा झाला की म्हाताऱ्यांच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. शेवटाला दोन्ही बाजू बरोबरीत होत्या आणि कुंभेरीची एकच चढाई उरली होती. निळू उठला.  आत्ता कळेल, वस्तादाला वाटलं, आत्ता साऱ्या गावाला माझी चूक कळेल.

निळू आत शिरला. वाळुंजच्या गड्यांनी साखळी आवळली. एकाने घोटा धरला, दुसरा पाठीवर पडला. निळूचा हुतूतू बारीक झाला, पण तुटला नाही. दोघांना अंगावर घेऊन तो घसरत आला आणि त्याची बोटं मधल्या रेघेला लागली.

कुंभेरीकरांनी मैदान डोक्यावर घेतलं. पंत मानाचा फेटा घेऊन वस्तादाकडे धावत आले. "हैबतराव, तुमच्या नजरेला तोड नाही. सोळा आणे म्हणजे सोळा आणे."

खरं सांगायचं तर वस्तादाला आनंद झाला. जीव भांड्यात पडला. चूक आपोआप निस्तरली, आता कुणाला काही कळायचं कारण नाही, असं वाटून त्याने फेट्यासाठी मान पुढे केली.

तेवढ्यात कुणीतरी वाकून त्याच्या पायांना हात लावला. रायबा होता. घोंगडीत बोचकं बांधून माळाकडे निघाला होता.

"येतो, वस्ताद. निळूचा दम बघितला. तुम्ही म्हणाला तेच खरं हाय. माझ्यात तेवढा न्हवताच."

पोराच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर वस्तादाने तो पचवला असता. पण या पोराने आपलं खोटं मनापासून खरं मानलंय, हे दिसलं आणि त्याला भर जत्रेत लाज वाटली. त्याने पंतांचा हात धरून फेटा बाजूला केला.

"पंत, थांबा. हा मान माझा नाही. त्या सकाळी दोन पोरं जागा बदलून उभी होती. सोळा आणे मी या रायबाला ठरवले होते. चूक तेव्हाच कळली होती. अब्रूला भिऊन मी गप्प राहिलो."

 कुणीतरी हसलं. वस्ताद थोर माणूस, जाणाऱ्या पोराचं मन राखतोय, असं एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पंतही हसत म्हणाले, "असं असेल तर उतरवा की त्याला मैदानात. आत्ताच बघू."

वस्तादाला तेच हवं होतं. त्याने रायबाच्या खांद्यावरची घोंगडी उतरवली आणि म्हणाला, "जा पोरा. तुझ्यासारखा गडी मी पाहिला नाही. दाखव यांना."

समोर तिघे गडी उभे राहिले. रायबा रेघ ओलांडून आत गेला. पाय आठवणीने बरोबर पडत होते. एकाने त्याच्या कमरेला हात घातला, आणि तो सुटणार असं वाटत असतानाच त्याचा दम तुटला. पोरगा खाली मान घालून मैदानाच्या मधोमध उभा राहिला.

पंत म्हणाले, "पाहिलंत, हैबतराव? तुमची नजर चुकतच नाही. उगाच स्वतःला दोष देता."

"नजर चुकली नव्हती, पंत," वस्ताद म्हणाला. "जीभ चुकली. आणि जिभेनं जे खोटं सांगितलं, ते मी वर्षभर झटून खरं केलं. एकाला दूध पाजून, दुसऱ्याला ताक पाजून. इतकी वर्षं मला अंगातलं दिसतं म्हणता. मला काही दिसत नव्हतं. मी म्हणायचो तसं तुम्ही पान वाढत होता, आणि तुम्ही वाढाल तशी पोरं होत होती. आजवर चार आणे म्हणून किती घालवली, त्यांची तोंडंही मला आठवत नाहीत."

यावर कुणालाच हसू आलं नाही. ज्यांची पोरं मागे खराटा सोडून घरी परतली होती, असे बापही त्या गर्दीत होते. ते वस्तादाकडे बघत राहिले.

वस्ताद त्या दिवशी पाठशाळेत परतला नाही. रायबाच्या मागोमाग तो माळावर गेला आणि मेंढरांच्या वाड्याशेजारी त्याने मैदान आखलं. रायबाला शिकवायचं फारसं काही नव्हतं. हात येत होते, पाय येत होते. फक्त चढाईत मधेच त्याला ती दारातली संध्याकाळ आठवायची आणि श्वास अडकायचा. वस्ताद रोज म्हणायचा, "ते खोटं होतं, पोरा." पोरगा रोज हो म्हणायचा. तरी त्याचा दम पुरता परत यायला तीन वर्षं लागली. घालवायला एक वाक्य पुरलं होतं.

तात्पर्य: कोवळ्या माणसाची किंमत घाईने सांगू नये, कारण जग त्याच्या पानात तेवढंच वाढतं आणि तोही शेवटी तेवढाच होतो; आणि सांगताना चूक झालीच तर ती त्याच घडीला कबूल करावी, कारण उशिरा सांगितलेल्या खऱ्यावर ज्याचं नुकसान झालं त्याचाही विश्वास बसत नाही.